मागच्या दाराची मोटार

नागपूरच्या रामदासपेठेत तेव्हा बंगले थोडे आणि मोकळं रान जास्त होतं. तिथे डॉक्टर गोपिका पराते हिनं आपलं छोटं प्रसूतिगृह काढलं. वडील कोष्टी, महाल वस्तीत त्यांचा हातमाग. माग चालवता चालवता त्यांनी मुलीला शिकवलं, आणि डॉक्टर झालेली मुलगी शहरातल्या बड्या घरांकडे न वळता उमरेड-भिवापूरकडच्या अडलेल्या बायकांची वाट बघत बसली. बैलगाडीतून नाहीतर मोटारबसच्या मागच्या बाकावर आडवी घालून बाई आणायचे, आणि पुष्कळदा फाटकाशी पोचायच्या आतच सगळं संपलेलं असायचं. अशीच एक बाई चादरीत गुंडाळून उतरवून घेताना गोपिकेनं ठरवलं, की आता वाट बघायची नाही. आपण जाऊन आणायचं.

बावन्न सालचा उन्हाळा होता. मालगुजाऱ्या, म्हणजे गावोगावच्या जमीनदाऱ्या, नुकत्याच गेल्या होत्या आणि मालगुजारांच्या दारातल्या मोटारी विकायला निघाल्या होत्या. सदर भागातल्या एका गॅरेजवाल्यानं तिला बोलावून घेतलं.

"एक अजब गाडी आली आहे बाई. कोणी घेऊन नाही राहिलं. तुमच्या कामाची असंल तर पाहा."

गाडी खरंच अजब होती. चासी अमेरिकन, पण वरचा सांगाडा मालगुजारानं आपल्या मनाप्रमाणे मुद्दाम बनवून घेतलेला. पुढे ड्रायव्हरची जागा, तिला नेहमीसारखी दोन दारं. तिच्यामागे सागवानी फळ्यांची पक्की भिंत, आणि भिंतीत पोस्टकार्डाएवढी सरकती खिडकी. भिंतीपलीकडे बायकांची जागा. तिला डावीउजवीकडे दारही नाही, काचही नाही. उजेड आत येईल पण माणूस दिसणार नाही अशा लाकडी झिलमिल्या तेवढ्या. दार एकच, गाडीच्या थेट पाठीत, कपाटाच्या दारासारखं. गाडी उलटी घेऊन घराच्या उंबऱ्याला टेकवायची, बायकांनी उंबऱ्यावरून सरळ गाडीत पाऊल टाकायचं. देवळाशी पोचलं की पुन्हा तसंच. जमिनीला पाय लागायचा नाही आणि परक्याला पदराचं टोकही दिसायचं नाही.

दाराला बाहेरून जाड पितळी हँडल होतं. आतून नुसतं गुळगुळीत सागवान.

"आतून कसं उघडायचं?" गोपिकेनं विचारलं.

गाडी दाखवायला मालगुजाराचा पुतण्या ईश्वरदास आला होता. त्याला प्रश्नच कळला नाही.

"आतून काहून उघडाचं? काकाजी उघडत ना बाहेरून. दुसऱ्या कोणाले त्या दाराले हात लावू देत नव्हते ते."

काकाजी वारले होते आणि तेव्हापासून गाडी झाकून ठेवलेली होती. गोपिका त्याचं बोलणं अर्धवटच ऐकत होती. मागचं दार पूर्ण उघडलं की स्ट्रेचर कुठेही न अडता सरळ आत जात होतं. तिनं गाडी घेऊन टाकली.

ड्रायव्हर म्हणून रामाजी आला. उमरेडचा, पन्नाशीचा, गाडीशीच काय ते बोलणारा. मागे पेशंटजवळ प्रसूतिगृहाची आया वच्छलाबाई बसायची. त्या पावसाळ्यात गाडीनं चिखलातून, नाल्यांतून कितीतरी बायका जिवंत आणल्या. प्रसूतिगृहाच्या मागच्या दाराशी रामाजी ती उलटी लावायचा, आणि स्ट्रेचर गाडीतून थेट वॉर्डात जायचं.

एक गोष्ट मात्र त्याला खटकत होती आणि ती त्यानं पुष्कळ दिवस मनातच ठेवली. गाडी थांबवून तो मागे गेला, की हँडलला हात लावण्याआधी आतून टकटक व्हायची. हलकी, बोटातल्या अंगठीनं केल्यासारखी. एकदा तो वैतागलाच.

"उघडतो ना मी, वच्छलाबाई. काहून ठोकता?"

वच्छलाबाई पार आतल्या टोकाला, फळ्यांच्या भिंतीला टेकून बसली होती. मध्ये अख्खं स्ट्रेचर होतं.

"मी कुठं ठोकलं गा?" ती म्हणाली. "मले वाटलं तूच बाहेरून ठोकून राहिला."

मग दिवाळीनंतरच्या एका दुपारी रामाजीनं गाडी आतून-बाहेरून धुतली, दार लावलं आणि आवारातल्या कडुनिंबाखाली अंग टाकलं. डोळा लागतो न लागतो तोच टकटक झाली. त्यानं उठून दार उघडलं. ओल्या लाकडाचा वास बाहेर आला, बाकी काही नाही. तो तडक गोपिकेच्या खोलीत गेला.

"लाकूड आहे, रामाजी," ती म्हणाली. "ओलं झालं, ऊन लागलं, की वाजणारच."

"हो जी." तो जायला वळला आणि पुन्हा थांबला. "पण बाई, लाकूड थांबून थांबून नाही वाजत. आईकलं का नाही ते पाहत नाही ते."

त्याचं हे बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. दुपारचे पेशंट आटोपल्यावर ती एकटीच गाडीपाशी जाऊन उभी राहिली. आवारात सामसूम होती. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि आपण हे काय चालवलं आहे, असं वाटून ती परत वळली. तेव्हा ते झालं. एक ठोका. मग थोडं थांबून आणखी दोन. जोरात नाहीत. घरात कोणीतरी निजलं आहे, त्याची झोप मोडू नये पण दुसऱ्याला ऐकू जावं, अशा बेतानं. आवाज दाराच्या खालच्या अंगाकडून येत होता. आत कोणी असलंच, तर ते खाली बसलेलं होतं.

गोपिकेनं हँडल फिरवलं. आत झिलमिल्यांतून आलेल्या उजेडाच्या पट्ट्या पडल्या होत्या.

तिला भीती वाटली, पण तिच्याहून जास्त राग आला. कोणाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी तिनं गाडी सदरला पाठवली आणि दाराला आतूनही हँडल बसवून घेतलं. बाहेरच्या हँडलच्याच दांड्यावर, म्हणजे एक फिरलं की दुसरं फिरणार. विचारलं त्यांना सांगितलं, पेशंट कोंडून पडायला नको. ते काही खोटं नव्हतं.

टकटक थांबली.

"गेली वाटते बिचारी," वच्छलाबाई म्हणाली. त्या दिवशी गोपिकेला बरं वाटलं.

फेब्रुवारीत भिवापूरहून बसच्या कंडक्टरबरोबर निरोप आला: सुभद्रा नावाची पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडलेली. वच्छलाबाई तापानं पडली होती, म्हणून गोपिका स्वतः मागे बसून निघाली. भिवापुरात मिरच्या वाळत होत्या. गावात शिरताच घसा धरला. सुभद्रा एका अंधाऱ्या खोलीत दोर धरून बसली होती. नवरा नागपुरात गिरणीत, घरात सासू यमुताई तेवढी. गोपिकेनं तपासलं. मूल पायाळू होतं. इथे हात घालण्यापेक्षा नागपूर गाठलेलं बरं, असा तिनं विचार केला आणि सुभद्राला गाडीत घेतलं. यमुताई दाराजवळच्या कोपऱ्यात पाय जवळ घेऊन बसली.

दुपारचं ऊन होतं. उमरेडच्या अलीकडे रस्ता रानातून जातो. पळस फुलायला लागला होता आणि झिलमिल्यांतून मधूनच तांबडा उजेड आत येऊन जायचा. सुभद्राच्या कळा वाढल्या होत्या. गोपिका तिच्या पोटावर हात ठेवून बसली होती.

मागच्या दारावर ठोका पडला.

तो बाहेरून पडला होता. आणि गाडी चालू होती. ठोका अंगठीचा नव्हता. जड होता, काठीच्या मुठीचा असावा तसा. त्यात आर्जव नव्हतं.

गोपिकेनं यमुताईकडे पाहिलं. यमुताईनं डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता. तेवढ्यावर ती थांबली नाही. पुढे वाकून तिनं सुनेचे उघडे पाय झाकले आणि तिच्याही तोंडावर पदर ओढला.

"यमुताई, हे काय करून राहिल्या?"

"मोठं माणूस आहे," यमुताई पदराआडून कुजबुजली.

गोपिकेनं सरकती खिडकी उघडली. "रामाजी, मागे कोणी लटकलं आहे का?"

रामाजीनं मान बाहेर काढून पाहिलं. "कोणी नाही जी. फुफाटा आहे नुसता. थांबवू का गाडी?"

ठोका पुन्हा पडला. तोच जोर, तेवढाच.

"नाही," ती म्हणाली. "काही झालं तरी थांबवू नका."

तेव्हा तिला हँडल दिसलं. ती पाहत असताना ते खाली फिरू लागलं, सावकाश. दार आपलंच आहे आणि उघडणारच आहे, अशी खात्री असलेल्या हातानं फिरवावं तसं.

गोपिका पुढे झाली आणि तिनं दोन्ही हातांनी ते धरलं. पितळ गार होतं. पलीकडचा जोर वाढला नाही, कमीही झाला नाही. तिच्या मनगटांत कळ यायला लागली.

मागून सुभद्रा ओरडली. गोपिकेनं वळून पाहिलं. बाळाचे पाय बाहेर आले होते.

"यमुताई, इकडे या. हे धरा."

यमुताई जागची हलली नाही.

"धरा म्हणते ना. मले दोन्ही हात पाहिजेत. पोर जाईल."

"मी कशी धरू, बाई," यमुताई म्हणाली. "त्यांले कोणी अडवत नाही."

ठोका पडला.

सुभद्राचा आवाज आता येत नव्हता. ती नुसती धापा टाकत होती.

गोपिकेनं हँडल सोडलं.

ती बाळाकडे वळली. मागे हँडल फिरल्याचा करकर आवाज तिनं ऐकला, मध्येच तो थांबल्याचंही ऐकलं. तिनं वळून पाहिलं नाही. बाळाचं अंग आलं होतं, डोकं अडकलं होतं. एक हात खाली, एक हात वर. आपण दार धरत होतो तिथे, आपल्या पाठीशी, कोणाच्या तरी बांगड्या घासल्याचं तिला ऐकू येत होतं. फार जोर लावला की हात थरथरतो आणि बांगड्या वाजतात, तशा. यमुताईच्या हातात बांगड्या नव्हत्या.

डोकं सुटलं. पोरगी निळी पडली होती. गोपिकेनं तिचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, आणि बऱ्याच वेळानं ती रडली.

मग गोपिकेनं वर पाहिलं. हँडल अर्ध्यावर फिरून थांबलं होतं. ते बारीक थरथरत होतं. उमरेड मागे गेलं, नागपूरच्या गिरण्यांची धुराडी दिसू लागली, तरी ते तसंच थरथरत राहिलं. सक्करदऱ्याशी वस्ती लागली तेव्हा कुठे ते सरळ झालं.

प्रसूतिगृहाच्या दाराशी रामाजीनं गाडी लावली आणि बाहेरून हँडलला हात घातला. ते हललं नाही. त्यानं दोन्ही हातांनी जोर केला.

"बाई, आतून धरून ठेवलं का तुमी?"

गोपिका दारापासून लांब, बाळ छातीशी धरून बसली होती. ती रिकाम्या दाराकडे पाहून हळूच म्हणाली, "सोडा आता. आपला रामाजी आहे."

हँडल फिरलं.

आपण आतून हँडल का बसवलं आणि ते कोणाला कशासाठी हवं होतं, याचा तिनं त्या रात्री विचार केला. उघडण्यासाठी, असं ती आजवर धरून चालली होती.

सकाळी तिनं यमुताईला विचारलं, "कोण होतं ते?"

"मले काय ठाऊक," यमुताई म्हणाली. ती नातीला तेल लावत होती. "पण तसं ठोकलं की पदर घ्याच लागते. कोण आहे म्हणून कोणी विचारत नाही."

आठवडा गेला. सुभद्रा अजून वॉर्डातच होती. वाकलेली स्प्रिंग बदलायला रामाजी गाडी घेऊन सदरला गेला होता. टळटळीत दुपार होती. राउंडसाठी गोपिका वॉर्डात शिरली आणि उंबऱ्यातच थांबली.

वॉर्ड भरलेला होता, पण एकही पोर रडत नव्हतं. सगळी जागी होती. त्यांच्या आया खाटांवर उठून बसल्या होत्या. कोणी भिवापूरची, कोणी कुहीची, एक तर इथली सदरचीच, ख्रिस्ती, सिझेरियन झालेली, जिनं अजून कूससुद्धा बदलायला नको होतं. साऱ्यांनी तोंडावरून पदर ओढले होते. जिला पदर नव्हता तिनं चादर घेतली होती. वच्छलाबाई दुधाची वाटी हातात घेऊन भिंतीला चिकटून उभी होती. तिचंही तोंड दिसत नव्हतं.

"काय झालं वं?" गोपिकेनं विचारलं.

"दोनदा झालं जी," वच्छलाबाई म्हणाली.

"गाडी आली?"

"गाडी कुठं आली. अंगण रिकामं आहे."

सगळ्यांचे चेहरे मागच्या दाराकडे होते. जिथे गाडी उलटी लावायची, ते दार. त्याला आतून नुसती कडी होती.

तिसरा ठोका पडला.

गोपिका खाटांच्या मधून चालत गेली. कोणी मान वर केली नाही. तिनं दोन्ही हातांनी कडी धरली आणि कान दिला. कोणाच्या बांगड्या ऐकू येतात का, ते ती ऐकत होती. आल्या नाहीत.

कडी हातात हलली. तिनं खाली वाकून नीट पाहिलं, तर ती धूसर दिसत होती. उभे धागे, आडवे धागे, आणि त्यांच्यापलीकडे कडी. डोळ्यांपुढे तिच्याच लुगड्याचं सूत होतं. पदर आपण केव्हा ओढून घेतला, ते तिला आठवेना.