एकशे बारा पानांची फाइल

यादीबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते उच्चारायची वेळ कोणावर येत नसे. अभिलेखागाराच्या तळमजल्यावर एकतीस वर्षं जुन्या कागदांच्या याद्या करता करता त्यांना हे नाव पडलं आणि त्यांनी ते कुरकुर न करता लावून घेतलं. घरातल्या डब्यांवरही त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या असत. त्यांचे यजमान, गणिताचे निवृत्त मास्तर, कधी कधी म्हणत, "एक माझ्या कपाळावर चिकटव म्हणजे झालं." बाई मान वर न करता विचारत, "आणि लिहू काय? तुम्ही 'संकीर्ण'मध्येच बसाल."

त्या वर्षी वकीलसाहेबांचे सदतीस खोके आले. वकीलसाहेबांना जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली होती. आधी ते वकील होते, मग एका दैनिकाचे संपादक झाले, आणि महायुद्धात दोन दोस्त सैन्यांच्या हेरखात्यांमधले दुवा. म्हणजे एकाची गुपितं दुसऱ्याला कळवायची आणि आपल्यालाच जास्त कळलं असं दोघांनाही वाटू द्यायचं. हे काम त्यांना उत्तम जमलं असावं, कारण युद्ध संपल्यावर दोघांनीही त्यांना पदक दिलं.

खोक्यांच्या मागोमाग त्यांची मुलगी आली. वय चौऱ्याऐंशी, हातात काठी, डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. सगळे तिला आक्का म्हणत. ती संचालकांच्या केबिनकडे न जाता थेट तळमजल्यावर आली आणि यादीबाईंच्या समोरच्या स्टुलावर बसली.

"यादी तू करणार ना?"

"हो, मीच."

"मग ऐक. मी सहा वर्षांची असताना माझी आई एका सकाळी छोटी बॅग घेऊन घराबाहेर पडली, ती परत आली नाही. अप्पा म्हणाले, आपल्याला टाकून गेली. जगभरची माणसं शोधून काढणारा माणूस, पण स्वतःची बायको त्याने कधी शोधली नाही. या खोक्यांत तिचं अक्षर कुठे सापडलं तर मला सांग. दीड महिन्याने माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतो, दिसेल. पण सांगताना तो माझ्याकडे बघत नाही. तेव्हा त्याआधी काय ते दाखव."

यादीबाईंनी "बघते" म्हटलं. त्या कोणालाही यापेक्षा जास्त वचन देत नसत.

पहिल्या अकरा खोक्यांत दावे, कात्रणं आणि अग्रलेख निघाले. वकीलसाहेबांची अक्षरं तीन होती. वकील निळ्या शाईने लिही आणि त्याची वाक्यं संपता संपत नसत. संपादक तांबड्या पेन्सिलीने लिही आणि समोर दिसेल त्यावर फुली मारी. दुवा मात्र शिसपेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात लिही. काही कागदांवर तिघेही हजर असत आणि समासात एकमेकांशी भांडत. यादीबाईंना हे आवडलं. घरी जाऊन त्या म्हणाल्या, "एकाच माणसाचं एवढं मोठं एकत्र कुटुंब मी कधी पाहिलं नव्हतं."

बाराव्या खोक्यात ती फाइल होती. एकशे बारा पानं, पिवळी पडलेली, गंजलेल्या टाचणीने टोचलेली. वर लिहिलं होतं, 'टेहळणी'. पहिली आठ पानं लिहिलेली होती आणि पुढची कोरी. यादीबाईंनी पानं दोनदा मोजली, मग शेवटचं लिहिलेलं पान वाचायला घेतलं.

'दहा पाच. ती आली. छत्री मिटताना बोट चिमटलं. खुर्ची बदलून मागितली. मिळाली नाही.'

बाईंना हसू आलं. त्यांनीही आदल्याच दिवशी संचालकांकडे खुर्ची बदलून मागितली होती. संचालक म्हणाले होते, "बाई, निवृत्तीला दोन वर्षं उरली, आता कशाला?" त्यांनी बोटाकडे पाहिलं. बोट अजून लाल होतं.

रात्रीची जेवणं झाल्यावर मास्तरांनी हे सगळं ऐकून घेतलं. "छत्री सगळ्यांकडे असते आणि खुर्ची कोणालाच धड मिळत नाही. शक्यता काढली तर असा योगायोग दर चाळीस माणसांत एकाच्या वाट्याला येतो." त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोडही करून दाखवली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फाइल उघडली. पानं एकशे बाराच होती, लिहिलेली मात्र नऊ. नवव्या पानावरची शिसपेन्सिल इतकी फिकट झाली होती की ते पाऊण शतक तरी जुनं वाटावं.

'नवऱ्याला सांगितलं. नवरा गणित मांडतो. उत्तर चुकतं.'

खाली तांबड्या पेन्सिलीने शेरा होता, 'यादीत "संकीर्ण" हा शब्द सात वेळा. आळस.'

ही कोणाची तरी थट्टा आहे असं ठरवून बाईंनी फाइल कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. सकाळी दहाव्या पानावर लिहिलेलं होतं, 'कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये, चष्म्याच्या घराखाली.' बाई घाबरल्या. पण त्याहून जास्त त्यांना 'आळस' हा शब्द झोंबला होता. एकतीस वर्षांत त्यांच्या यादीबद्दल कोणी बरं म्हटलं नव्हतं की वाईट म्हटलं नव्हतं. मुळात ती कोणी वाचलीच नव्हती. त्या दिवशी त्यांनी सातही ठिकाणचं 'संकीर्ण' खोडलं आणि प्रत्येक चिठोऱ्याला त्याच्या त्याच्या नावाने नोंदवलं. घरी जायला तासभर उशीर झाला.

'आज "संकीर्ण" नाही. सुधारणा आहे,' अकरावं पान म्हणालं.

बाईंना नको तेवढा आनंद झाला. पुढचे काही दिवस त्या चांगल्या इस्त्रीच्या कपड्यांत कामावर जाऊ लागल्या. अक्षर वळणदार काढू लागल्या. एकदा उगाचच पुढचं पान उलटून पाहिलं तर ते कोरं होतं. सकाळी त्यावर शेरा पडला होता, 'पान उलटून पाहिलं. उतावीळ.'

मास्तरांना मात्र एकाच गोष्टीचं लागलं होतं. "चुकतं म्हणजे काय चुकतं?" त्यांनी कडेची आकडेमोड पुन्हा तपासली. हातचा एक घ्यायचा राहिला होता. त्या दिवशी ते जेवलेही नीट नाहीत. "अगं, असेल कोणी चहाटळ तुमच्या ऑफिसात," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण गणित पक्कं आहे त्याचं."

महिना असाच गेला. मग एका दुपारी आक्का खालती आली.

"सापडलं काही?"

"अजून नाही. अठ्ठावीस खोके झाले."

"नऊ राहिले. आणि माझ्याकडे दहा दिवस आहेत." आक्काने चष्मा पुसला. तो पुसून फारसा फरक पडत नसावा. "तिचं तोंड आता मला आठवत नाही गं. मला कोट घालून देणारे तिचे हात तेवढे आठवतात. बाकी काही नाही."

आक्का गेली. दुसऱ्या दिवशी यादीबाईंनी फाइल उघडली तेव्हा पहिल्यांदाच पानभर निळी शाई होती.

'यादी करणाऱ्या व्यक्तीस नोटीस देण्यात येते की, खोका क्रमांक एकोणतीस हा ओलाव्यामुळे खराब झालेला असून, तो उघडण्याची आवश्यकता नाही, आणि तसा तो उघडल्यास होणाऱ्या परिणामांस सदर व्यक्ती सर्वस्वी जबाबदार राहील…' अशी चौदा कलमं होती. त्याखाली तांबडी पेन्सिल, 'उघडा.' तिच्याखाली निळी शाई, 'हरकत.' पुन्हा तांबडी, 'बातमी खरी आहे.' आणि अगदी तळाशी मुंगीएवढी शिसपेन्सिल, 'अकरा दहा. ती वाचते आहे.'

यादीबाईंनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आजवर पान दुसऱ्या दिवशी बोलत असे. त्या उठल्या, फळीपाशी गेल्या आणि खोका क्रमांक एकोणतीसवर हात ठेवला. खोका खडखडीत कोरडा होता.

"ओलावा म्हणे," बाई मोठ्याने म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्यांच्या देखत कोणी कागदाच्या स्थितीबद्दल खोटी नोंद केली नव्हती. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी कात्रीने सुतळी कापली.

सगळ्यांत वर एक पत्र होतं. अक्षर चौथंच होतं, गोल आणि मोकळं. यादीबाईंनी ते वाचलं, खालचा गठ्ठा चाळला, आणि आक्काला फोन केला.

आक्का तासाभरात आली. तिने पत्र नाकाला लावलं, मग डोळ्यांना. "अक्षर दिसतंय. शब्द लागत नाहीत. तू वाच."

यादीबाई वाचू लागल्या. "'मी कोणाला भेटत नाही, कोणाला काही सांगत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण ते सगळं तुम्ही लिहून ठेवलं आहे. मी किती वाजता हसले, तेसुद्धा. लढाई तिकडे चालू आहे आणि तुम्ही पहारा घरावर बसवलात. जिथे कोणी घड्याळ बघणार नाही अशा घरात मला राहायचं आहे. मी ताईकडे जाते. छकुलीला घेऊन या, नाहीतर कोणाबरोबर पाठवून द्या. मी रोज दुपारच्या गाडीला स्टेशनवर येत जाईन.'"

आक्काने पत्रासाठी हात पुढे केला.

"खाली आणखी आहे," यादीबाई म्हणाल्या. "नोंदी आहेत. शिसपेन्सिलीच्या."

"वाच."

"'दुपारची गाडी. ती आली. कोणी उतरलं नाही. ती परत गेली.'"

"पुढची?"

"'दुपारची गाडी. ती आली. कोणी उतरलं नाही. ती परत गेली.'" यादीबाईंनी पुढची पानं उलटली. "सगळ्या तशाच आहेत, आक्का. रोजच्या."

"किती दिवस?"

"चार वर्षं. त्यानंतर एकच ओळ आहे. 'आज आली नाही.'"

आक्काने दोन्ही हात काठीवर ठेवले. तिच्या तोंडावर जे होतं ते नुसतं दुःख नव्हतं.

"चार वर्षं ती मला न्यायला आली," ती म्हणाली. "रोज." मग एकदम तिचा आवाज चढला. "आणि त्या माणसाचा पुतळा बसवायला मी मागच्याच वर्षी संमतीपत्रावर सही केली! कुठे आहे तुझा संचालक? फोन लाव. पाया खणून झाला असेल तर बुजवा म्हणावं!"

यादीबाई हसल्या, आणि मग त्यांनाच रडू फुटलं. शेवटी आक्कानेच उठून त्यांना पाणी दिलं.

खोका क्रमांक एकोणतीसची नोंद बाईंनी त्याच संध्याकाळी केली. इतकी नेमकी नोंद त्यांनी आयुष्यात केली नव्हती. पत्र, तारीख, अक्षर कोणाचं, आणि खाली, 'टेहळणीच्या नोंदी, पत्नीवरील. स्थिती: उत्तम, कोरड्या.' 'कोरड्या' या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली.

सकाळी बाराव्या खोक्यातली फाइल त्यांनी जरा गुर्मीतच उघडली. नवीन काही नव्हतं. कोरी पानं कोरीच होती.

सवयीने त्यांनी पानं मोजली.

एकशे अकरा.

पुन्हा मोजली. कपाटाखाली पाहिलं, खोक्यात पाहिलं. टाचणी जागच्या जागी होती आणि शेवटच्या पानामागे कागदाचा जेमतेम नखाएवढा कपटा अडकला होता. एकतीस वर्षांत बाईंच्या ताब्यातून कागद कधी गेला नव्हता. मास्तर म्हणाले, आधीच मोजायला चुकली असशील. पण ते हे काही फार जोर देऊन म्हणाले नाहीत.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, आक्काचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, पट्टी अजून चार दिवस होती, आणि डॉक्टर आता तिच्याकडे बघून बोलत होता. कशावरून, असं यादीबाईंनी विचारलं, तर म्हणाली, "आवाज समोरून येतो ना!" आक्काला पहिल्यांदाच मोठ्याने हसताना ऐकून बाईंना बरं वाटलं.

"आणि हो," आक्का म्हणाली, "तुमच्या ऑफिसचे ते गृहस्थ काल येऊन गेले."

"कोण गृहस्थ?"

"नाव नाही सांगितलं. पोच घ्यायला आलो म्हणाले. फार अदबशीर. बसा म्हटलं तर बसले नाहीत, दारातच उभे राहिले. डोळे बांधलेले, मला कुठे दिसतंय! पण आवाज खूप ओळखीचा वाटला. कालपासून आठवतेय, कुठे ऐकलाय."

यादीबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मास्तर बाल्कनीत कपडे वाळत घालत होते.

"काय विचारत होते ते?"

"विशेष काही नाही गं. यादी करणाऱ्या बाई रविवारी किती वाजता उठतात, एवढंच. मी म्हटलं, मला काय ठाऊक! तर म्हणाले, असू द्या, माझ्याकडे नोंद आहे. नुसतं पडताळून बघत होतो."