गोतावळ्याची तिकिटं

कृष्णकांतकाका गेले आणि वाटण्या झाल्या. पनवेल गावातलं घर धाकट्या भावाला, सत्यजीतला मिळालं आणि इंद्रजीतच्या वाट्याला पोस्टाच्या तिकिटांचा एक खोका आला. काकांनी आपल्या तोंडाला पानं पुसली, हे तो बायकोला, अनुष्काला, रोज एकदा तरी ऐकवायचा.

रविवारी दुपारी रोडपालीच्या फ्लॅटमध्ये त्याने तो खोका डायनिंग टेबलावर उपडा केला. निदान संग्रह तरी नीट लावावा. आत पाकिटांचे तिकिटासकट कापलेले तुकडे होते. मोबाईलवरच्या एका व्हिडिओत सांगितलं होतं, तुकडा कोमट पाण्यात सोडा, डिंक विरघळला की तिकीट आपसूक सुटतं, ओढू नका. पण धीर धरणं इंद्रजीतच्या रक्तातच नव्हतं.

परातीतल्या पाण्यात पक्षी, किल्ले, विमानं सुरळीत सुटली. मग माणसं आली. पोस्टात आपला फोटो देऊन तिकीट छापून घेता येतं. बिनलग्नाच्या काकांनी सगळ्या गोतावळ्याची तशी तिकिटं करून घेतली होती आणि पाकिटांना लावून स्वतःच्याच पत्त्यावर पाठवली होती. एकटा माणूस काय काय करेल, सांगता येत नाही!

पहिली हाती लागली शशिकलाआत्या. सुटेना, म्हणून त्याने चिमट्याने ओढली. हनुवटीपासून कानापर्यंत ती टरकन फाटली.

थोड्या वेळाने फोन वाजला. आपटा गावात आत्याकडे कामाला असलेली साळू होती.

"दादा, आत्याबायचा गाल फाटलाय वो! हनुवटीपासून पार कानापर्यंत. नुसतं रगात. कोयता नाय, पत्रा नाय, बसल्या जागी फाटलाय. आमी गाडीत घालून आणतोय."

इंद्रजीत विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायचा. काही लागल्याशिवाय कातडी फाटत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. योगायोग, असं तो मोठ्याने म्हणाला.

खरं तर तेव्हाच खोका बंद करायचा. पण त्याची बोटं तुकड्यांत सत्यजीतला शोधू लागली.

सत्यजीत खाली पार्किंगमध्ये होता. वर यायचं त्याने सोडलंच होतं. पुतणीला सायकल शिकवायला मात्र दर रविवारी हजर. रेवा खिदळत होती, तो हसत होता. ते हसणं ऐकून इंद्रजीतच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तुकडा सापडला. त्याने तो पाण्यात घातलाच नाही. तिकिटावरचा खांदा चिमट्यात धरला आणि खेचला.

कागद हळूहळू, तंतू तंतू तुटत गेला.

खालून किंकाळी आली.

तो गॅलरीत धावला. सत्यजीत फरशीवर तडफडत होता. त्याचा उजवा हात सायकलच्या सीटला धरून तसाच लोंबत होता, खांद्यापासून उपटलेला. रेवा धडधाकट होती. "बाबा! बाबा!" ओरडत ती जिन्याकडे पळाली.

तो खोका बंद करायला मागे वळला. टेबल रिकामं होतं.

स्वयंपाकघरात मिक्सर घरघरायचा थांबला. "अरे, तुझा पसारा काही आवरेना," अनुष्का म्हणाली. "टोपात पाणी उकळत होतं, राहिलेले सगळे तुकडे टाकले त्यात. पटकन सुटतील." बोलता बोलता तिने मान खाजवली. मानेवर टरारून फोड आले होते.

त्याने टोपात हात घातला. कातडी सोलली, तरी त्याने बाहेर काढला नाही. एकेक ओळखीचा चेहरा बोटांखालून निसटत गेला, आणि शेवटी रेवा सापडली.

तिकीट अख्खं होतं. कुठेही फाटलं नव्हतं. त्याला हुंदका आला.

मग त्याने ते उजेडात धरलं. शाई सुटली होती. केस, कपाळ, डोळे धुऊन गेले होते. खाली फक्त हसू उरलं होतं.

बेल वाजली. जिन्यातलं दुपारचं ऊन दाराच्या फटीतून आत आलं होतं.

"बाबा," बाहेरून रेवाने विचारलं, "जिन्यात एवढा अंधार का आहे?"