बाईंच्या मापाची बाकं

सुतार माप घ्यायला आला, तो नेमका रविवारी. शाळेत शिकवणाऱ्या बाई तेवढ्या होत्या, खिडक्या पुसत.

"पोरं कुठायत?"

"रविवारी घरी असतात. तुमच्या वेळी नसायची?"

"मग माप कुणाचं घेऊ?"

बाई विटांच्या चळतीवर बसल्या. "माझं घ्या. खेप वाया नको."

एरवी एकदाच मोजणाऱ्या सुताराने त्या दिवशी तीनदा मोजलं.

शाळेला बाकं हवीत, असं गावाला तेरा वर्षं वाटत होतं. यंदा ते वाटणं लाकडापर्यंत पोचलं होतं. कुणी जुनं दार दिलं, कुणी मोडकी खाट, एकाने तर सासऱ्यांचं कपाट दिलं — त्यांना न विचारता. त्यातून बावीस बाकं झाली. मुलं बसली, तर पाय अधांतरी आणि हनुवट्या वह्यांवर.

"वाढतील की पोरं," शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले.

बाई तडक सुताराकडे गेल्या. "अहो, पहिलीतलं पोर माझ्याएवढं असतं का?"

"नसतं."

"मग हे लक्षात नाही आलं?"

"मोजताना..." तो रंध्याकडे बघत म्हणाला, "पोरांचा विचारच आला नाही—"

बाई रागावणार होत्या. ते राहून गेलं.

बाकांचे पाय कापणं दोन दिवसांचं काम. त्याला आठ दिवस लागले. मधल्या सुट्टीत बाई बघायला आल्या, की करवत हटकून बोथट व्हायची. पण शनिवारी त्याला नदीपलीकडे वर्षभराच्या कामावर जायचं होतं. मग इकडे यायला काही कारणच उरणार नव्हतं.

शुक्रवारी शेवटचं बाक उरलं.

"उद्या निघणार?"

"हो."

"परत कधी?"

"बाक मोडलं की येईन."

"तुमची बाकं मोडत नाहीत. तीच तर पंचाईत आहे." बाईंनी बाकावरचा भुसा झटकला. "परवा रविवार आहे, नदी ओलांडून चहाला या. माझी मावशी असते घरी. ती सरळ विचारते."

"काय?"

"घरी कोण कोण असतं, आणि लग्नाचं काय ठरवलंय."

"मग... काय सांगू?"

"पहिल्याचं खरं सांगा. दुसऱ्याचं... आधी मला विचारायला नको?"

सुताराने करवत खाली ठेवली. "विचारू?"

"विचारा की. घंटेला पाच मिनिटं आहेत."

त्याने विचारलं. बाई हो म्हणाल्या. एवढ्याला अर्धं मिनिट पुरलं. उरलेल्या साडेचार मिनिटांचं काय करायचं, ते दोघांनाही सुचेना. म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंनी बाक उचललं आणि वर्गात नेऊन ठेवलं.