बालवाडीतला बिनतारी फोन

अवकाळी पावसाची भुरभुर सुरू झाली आणि बालवाडीच्या दारात एक अनोळखी तरुण येऊन उभा राहिला. छातीशी लाकडी पेटी, केसांतून पाणी गळतंय.

"बाई, एवढी पेटी आत ठेवा. मी भिजलो तरी चालतंय."

"तुमीबी या की आत," मी म्हणाले... आणि माझीच मान खाली गेली.

तो पिंगळीचा बन्सीधर. आमच्या गावात पहिला फोन बसवायला टेलिफोन खात्यानं त्याला पाठवलं होतं. फोनही बिनतारी.

"तार न्हाई, मग आवाज येतो कसा?"

"हवेतून. तुमी आता बोलायलात, ते माझ्यापर्यंत हवेतूनच येतंय की."

मी हसू दाबलं. पण त्या दिवशी मुलांना बाराखडी शिकवताना दोनदा चुकले.

फोन सरपंचांच्या, म्हणजे माझ्या माधवकाकांच्या घरी बसणार होता. आईवडील गेल्यावर मी तिथंच वाढले. काकांपुढे तोंड उघडायची हिंमत कधी झाली नव्हती. पण गावाबाहेरच्या दलित वस्तीतली तानुबाई म्हणाली, "पोरी, तुमच्या उंबऱ्याच्या आत आमाला कोण घेतंय? मग तो फोन आमच्या काय कामाचा?"

मी ते बन्सीधरला सांगितलं.

"ग्रामसभेनं लिहून दिलं तर बालवाडीत बसवतो," तो म्हणाला. "पण सभेत बोलणार कोण?"

"मी..." आवाज इतका बारीक निघाला, की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

सभेत मी उभी राहिले. "फोन बालवाडीत बसवा. तिथं सगळ्यांना येता येतं," एवढंच बोलले. तानुबाईनं हात वर केला. मग एकेक करत बाकीच्यांनी. काकांनी सही केली आणि फोन बालवाडीत बसला, पण घरी ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

महिनाभरानं, चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली. गावोगावी तणाव, एसटी बंद झाली. त्यातच वाऱ्यानं बालवाडीशेजारच्या खांबावरची अँटिना फिरली आणि फोन मुका झाला. मग अफवाच अफवा. परभणीत शिकणाऱ्या पोरांना मारलं म्हणे... काकांचा मुलगा नागनाथ तिथं होता, तानुबाईचा नातूही. पारावर काठ्या जमल्या. वस्तीत भरदुपारी दारं लागली. मी बालवाडीत एकटी.

तेवढ्यात बन्सीधर आला; ताडकळसच्या टेलिफोन केंद्रातून, आडवाटेनं, सायकलवर.

"कशाला आलात असल्या वक्ताला?"

"इथला फोन बंद हाय. आणि तुमी इथं आहात..." तो सरळ खांबावर चढला. वाऱ्यानं खांब डुलत होता. खाली काठ्या घेतलेली माणसं, वर तो एकटा. मी डोळे मिटून घेतले.

फोन लागला. मी तानुबाईला आणि काकांना बोलावून आणलं. तिनं परभणीच्या वसतिगृहात नातवाला गाठलं. ऐकता ऐकता ती मटकन खाली बसली. "दोघंबी एकाच खोलीत हाईत, सरपंच. कुणाला काई झालं न्हाई. घ्या, बोला पोराशी."

काका बोलले. डोळे पुसत पारावर गेले आणि माणसांना घरी धाडलं. मग येऊन बालवाडीच्या पायरीवर बसले.

बन्सीधर निघाला. मी सायकलचं हँडल धरलं. "जाऊ नका. रस्ता चांगला न्हाई."

"बाकीची गावंबी मुकी झालीत. पोचलो की फोन करतो."

दोन तास मी फोनवरून नजर हलवली नाही. शेवटी घंटा वाजली.

"पोचलो. आता भ्या गेलं का?"

"न्हाई."

"आता कशाचं?"

"तुमी परत आलाच न्हाईत, तर..."

पलीकडून हळूच आवाज आला, "आईला घेऊन येतो. तुमच्या काकांना विचारायची हिंमत मात्र माझ्यात न्हाई."

माझ्यात तरी कुठं होती? तरी पायरीवरच्या काकांना आत बोलावलं आणि रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला. "काका... त्यांना तुमच्याशी बोलायचंय. माझ्याविषयी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रिसीव्हर कानाला लावला, त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"एसटी चालू होऊ द्या," ते म्हणाले. "मग आईला घेऊन या. सायकलवर नका आणू त्यांना."