एका कणाला दोन कण

चंद्रावरच्या ‘रोहिणी’ तळावर हवा शुद्ध करणारं यंत्र सोमवारी सकाळी बंद पडलं. तळावर तिघंच होते: तेरा वर्षांची शाल्मली, तिचे रसायनशास्त्रज्ञ आजोबा विश्राम आजगावकर आणि तळप्रमुख रुबीनाताई मुकादम.

ऑक्सिजन भरपूर होता. पण श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड साठत गेला, तर माणूस गुदमरतो. तो शोषून घ्यायला हाताशी होती फक्त लिथियम हायड्रॉक्साइडची पांढरी भुकटी. वजन ११ किलो ५२० ग्रॅम. शेजारच्या तळाची गाडी सामान भरून यायला सहा दिवस लागणार होते.

आजोबा यंत्र उघडून बसले होते. रुबीनाताईंनी विचारलं, “भुकटी पुरेल का गं तेवढे दिवस?”

“थांबा, मी सांगते.”

रसायनं वजन बघून नाही, कणांची संख्या बघून एकत्र येतात, हे शाल्मलीला ठाऊक होतं. एवढे बारीक कण मोलमध्ये मोजतात (डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या). भुकटीचा एक मोल भरतो २४ ग्रॅम. म्हणजे जवळ ४८० मोल. एक माणूस दिवसाला साधारण ८८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याचा मोल ४४ ग्रॅमचा, म्हणून वीस मोल. तिघांचे साठ.

“आठ दिवस पुरेल!”

रुबीनाताईंनी लगेच शेजारच्या तळाला कळवलं, “घाई नको. सावकाश या.”

दुपारी आजोबा हात पुसत आले. यंत्र काही सुरू झालं नव्हतं. शाल्मलीने कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“भुकटीने वायू शोषला, की काय तयार होतं?”

“लिथियम कार्बोनेट. आणि पाणी.”

“कार्बोनेटच्या एका कणात लिथियमचे अणू किती?”

“दोन.”

“आणि भुकटीच्या एका कणात?”

“एक...” ती थबकली. “म्हणजे वायूच्या एका कणाला भुकटीचे दोन कण लागतात! मी एकाला एक धरला. ४८० मोल भुकटी २४० मोलच वायू धरेल. आजोबा, चारच दिवस!”

आजोबांनी होकारार्थी मान हलवली.

“तुम्ही सांगता रुबीनाताईंना?”

“गणित तू केलंस ना? तूच सांग. मी बरोबर येतो.”

शाल्मलीने कागद दाखवत सगळं सांगितलं. रुबीनाताईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि रेडिओ उचलला. पलीकडून उत्तर आलं, “सामान राहू दे. तुम्हाला घेऊन यायला रिकामी गाडी आत्ताच काढतो. तीन दिवसांत पोचू.”

“मी चुकले, ताई.”

“चुकलीस. आणि वेळेत सांगितलंस.”

गुरुवारी सकाळी गाडी दाराशी लागली. निघण्याआधी शाल्मलीने उरलेली भुकटी तराजूवर ठेवली. तीन किलोला थोडी कमी, म्हणजे जेमतेम एका दिवसाची. तो आकडा तिने कागदावर लिहून ठेवला.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, “आजोबा, मंगळावर जायला कित्येक महिने लागतात. तेवढी भुकटी कोण नेणार? वापरून झालेल्या भुकटीच्या कार्बोनेटपासून ती परत तयार करता येईल का?”

“येईल. पण उष्णता खूप लागते, म्हणून कोणी करत नाही. कमी उष्णतेत जमवायला हवं.”

“किती कमी?” असं विचारत शाल्मलीने पेन्सिल काढली.