तीन मापं मोठं जाकीट

क्विन्सी बोटराइट दुकानात असा काही घुसला की ल्युशसच्या हातातला वस्तरा चळला आणि गिऱ्हाईक ओरडलं.

"मिस ओडेसा कुठेत?"

मागच्या खोलीतून ओडेसा पेटवे बाहेर आली. वीस वर्षं टपाल वाटून ती आता खासगी तपास करायची. फुल्टन स्ट्रीटवरचं दार न् दार तिच्या ओळखीचं. ल्युशस न्हावी तिचा जोडीदार. मनाने लाख माणूस, डोक्याने जरा निवांत.

"पिवळं जाकीट गेलं," क्विन्सी म्हणाला. "उद्या, बुधवारी, व्हिडिओचं शूटिंग आहे. ते घालून एक नावाजलेली गायिका रॅप करणार होती. पाठीवरची अक्षरं भरायलाच तीन आठवडे लागले. आता दुसरं कुठून आणू?"

मोटारीच्या डिकीतून टोप्या विकण्यापासून या पोराने 'नॉस्ट्रँड नाईन' हे ढगळ कपड्यांचं दुकान उभं केलं होतं. मोठ्या दुकानांनी 'हे तुमच्या काळ्या लोकांचे कपडे' म्हणून नाक मुरडलं होतं. उद्या ते जाकीट सगळं शहर बघणार होतं.

क्विन्सीच्या दुकानाचं कुलूप जसंच्या तसं होतं. चोराने जाताना पुन्हा लावलेलं. महागडे कातडी कोट जागच्या जागी. रिकाम्या खुंटीखाली निळ्या खडूचा तुकडा पडला होता.

"खडू वापरतोस?"

"नाही. मी आणि माझा भागीदार लेमार पेनाने आखतो."

"किल्ल्या कुणाकडे?"

"मी, लेमार आणि समोरचे एझराकाका. काकांनीच मला शिवण शिकवली. कापड कधी कापायचं नाही म्हणायचे, आत दुमडायचं. पोर वाढतं."

ओडेसाने क्विन्सीच्या टेबलाचा खण उघडून पाहिला, मग बंद केला.

लेमार आपल्या घराच्या पायऱ्यांवर बसला होता. गेल्याच आठवड्यात त्याचं आणि क्विन्सीचं भांडण झालं होतं.

"ती अक्षरं माझ्या हातची आहेत, मी माझीच अक्षरं चोरू? किल्ली तर मी त्याच दिवशी त्याच्या खणात टाकली."

"हाच असणार," ल्युशस पुटपुटला. "फार चुरुचुरु बोलतो."

एझरा मॅक्लेंडन आपल्या शिवणकामाच्या दुकानात कानावर खडू खोवून बसला होता. त्याने ल्युशसची ढगळ पँट न्याहाळली.

"वेल्डन, काय अवतार हा! गुरुवारच्या समारंभालाही पोरं असंच लोंबतं घालून जाणार? माझा पोरगा नाही जाणार."

"वेल्डन माझा बाप होता, काका," ल्युशस हसत म्हणाला. म्हातारं माणूस, चालायचंच, असं त्याला वाटलं.

बाहेर येताच ओडेसाने क्विन्सीला फुटपाथवर थांबवलं.

"शाळेतून तुझा निरोप समारंभ कुठल्या वारी होता?"

"चौऱ्याऐंशी साली? गुरुवारी. काकांनीच सूट शिवला होता."

"लेमारची किल्ली खणातच आहे, मी पाहिली. चोराने कोट सोडले, म्हणजे विकायला काही नेलेलं नाही. कुलूप पुन्हा लावलं, म्हणजे त्याला तुझ्या दुकानाची काळजी आहे. खडू कुणाचा, ते तू आत्ताच पाहिलंस. शूटिंग बुधवारी, काका मात्र गुरुवारचं बोलतात. क्विन्सी, ही चोरी नाही रे. काकांच्या लेखी तू अजून सतरा वर्षांचा आहेस, आणि कुणा आडमुठ्याने तुझं जाकीट तीन मापं मोठं करून ठेवलंय. ते नीट करायला त्यांनी आपल्या दुकानात नेलं."

क्विन्सीचे डोळे भरून आले. "रोज नुसता हात हलवून पुढे जात होतो मी. थांबलो असतो तर कळलं असतं."

तिघं परत आत गेली. मागच्या खोलीत टेबलावर पिवळं जाकीट होतं. अंगासरसं, नेटकं, एखाद्या सडपातळ पोराच्या मापाचं.

"संपलं," ल्युशस म्हणाला.

क्विन्सीने ते उलटं केलं. बाजूच्या शिवणींत सगळं कापड दुमडलेलं होतं. एक तसूही कापलेलं नव्हतं आणि पाठीवरची अक्षरं शाबूत होती. त्याने जाकीट कसंबसं अंगात चढवलं आणि दोन्ही हात वर करून म्हाताऱ्यासमोर उभा राहिला, लहानपणी राहायचा तसा.

"काका, घट्ट होतंय. मी वाढलो."

"कधी रे?" एझरा गोंधळला. मग गळ्यातली टेप त्याच्या छातीभोवती लावून थक्क झाला. "खरंच की! किती सैल करू?"

"तीन मापं."

"तीन? तरंगशील त्यात."

"अजून वाढायचंय मला, काका."

म्हातारा खूश होऊन हसला, चष्मा लावला आणि शिवण उसवायला बसला. क्विन्सी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसला, तो काम संपेपर्यंत उठला नाही.