उत्तरेचा बाण

दिल्लीत, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये सामान लागलं तेव्हा पलंग कसा लावायचा ते लीलाबाईंनीच ठरवलं. उशी उत्तरेला. समोरच्या सुनंदाने दारातूनच जीभ चावली.

"लीलाताई, उत्तरेला डोकं मेलेल्या माणसाचं करतात हो."

"मग तू दक्षिणेला डोकं करून अमर हो," लीलाबाई म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्याच दिवशी आमच्या दिशा सुटल्या."

चौथीत शाळा सुटलेली बाई, पण बोलण्यात कुणाला हार जायची नाही. नागपूर सोडून दिल्लीत आल्या त्या नातीसाठी. मुलगा प्रफुल्ल आणि सून, दोघंही नोकरीवर. सात वर्षांची रोशनी दुपारी आजीजवळ झोपायची.

दिवाळीनंतर तिला बारीक ताप लागला. बाहेर धुरकट हवा, खिडक्या बंद. डॉक्टर म्हणाले, प्रदूषण आहे, रिपोर्ट नॉर्मल आहेत. पोरगी मात्र दिवसेंदिवस उतरत चालली. कपाळ तापलेलं आणि तळपाय ओल्या मातीसारखे गार.

झोपण्याची तिची तऱ्हाही बदलली. पलंगाखाली, उशीच्या बरोबर खाली, फरशीवर ती स्टीलचा रिकामा पेला उपडा ठेवायची. आजीची पितळी बांगडी मनगटात चढवायची. मग उजव्या कुशीवर वळून गुडघे थेट छातीशी.

"हे काय नाटक गं?"

"आजी, ऐसे ही सोते हैं."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. जागा छोटी आहे ना."

पलंग दोघींना पुरून उरेल एवढा होता.

प्रफुल्ल एका प्रकाशनात पुरातत्त्वाची पुस्तकं तयार करायचा. माणूस कुठून आला, काय खात होता, मेल्यावर त्याला कसं पुरत होते, असली. एका रविवारी त्याने छापून आलेल्या नव्या पुस्तकाचं प्लॅस्टिक आईसमोरच फाडलं. लीलाबाई अक्षरांच्या वाटेला जात नसत, चित्रं बघत. पानं उलटता उलटता त्यांचं बोट एका सांगाड्याच्या फोटोवर थांबलं.

"अरे, ही आपली रोशनी."

प्रफुल्ल हसला. "आई, चार हजार वर्षांपूर्वीचं पोर आहे ते. यमुनेकाठी सापडलं."

मग त्याने नीट पाहिलं. उजवी कूस. छातीशी गुडघे. डोक्यापाशी उपडं भांडं, मनगटाच्या हाडावर कडं. त्याचं हसू विरलं.

"मुलं झोपतातच अशी. योगायोग आहे."

"प्लॅस्टिक आत्ता फाडलंस ना? ती दिवाळीपासून अशी झोपते."

लीलाबाईंनी फोटोतल्या बाणावर बोट ठेवलं.

"हा बाण कसला?"

"उत्तर दाखवतो. खोदकामाच्या फोटोत ठेवतात."

बाणाचं टोक कवटीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर लीलाबाईंनी आधी दाराला कडी घातली. सुनंदाला कळता कामा नव्हतं. मग पदर खोचून पलंग ओढला, फिरवला, उशी दक्षिणेला केली. पेला आणि बांगडी स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर टाकली.

"हरले म्हणा हवं तर," त्या भिंतीला म्हणाल्या.

त्या दुपारी रोशनीने वरणभात मागून घेतला. तळपायांना ऊब आली. हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून झोपली पोरगी. लीलाबाईंचे डोळे भरून आले. ते पुसले, आणि खुर्ची ओढून त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं.

"बघू आता तुझं काय म्हणणं आहे."

पान तेच होतं. भांडं, कडं, गुडघे.

बाण जागेवर होता. टोक तिकडेच.

कवटी मात्र आता बाणाच्या शेपटाकडे, दक्षिणेला होती.

लीलाबाईंनी पुस्तक मिटलं. मागे वळायला मान तयार होईना.

पाठीमागे, दक्षिणेच्या उशीखाली, फरशीवर हळूच पेला टेकला.